न्यूझीलंडमध्ये भाड्याची गाडी चालवताना अपघात झाला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंडला स्वतः गाडी चालवत फिरायला जाणाऱ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो. ‘तिथे अपघाताची केस होत नाही’ हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायीच पैसे जातात, कधी शिक्षाही होते. डॉलर म्हटलंय तिथे न्यूझीलंड डॉलर समजावेत. विमा कंपन्यांच्या अटी बदलत असतात, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या हातातल्या कराराचा.

१. आपलं महाराष्ट्राचं लायसन्स तिथे चालतं का? आणि अपघाताशी त्याचा काय संबंध?

चालतं. लायसन्स मुदतीत असलं आणि त्यावरचा मजकूर इंग्रजीत असला तर पर्यटक त्यावर गाडी चालवू शकतो. आता ही मुभा देशात आल्यापासून १८ महिन्यांपर्यंत आहे. गाडी चालवताना लायसन्स जवळ असणं सक्तीचं आहे, म्हणून मूळ कार्डच न्या. मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका. लायसन्स जुनं असेल, अक्षरं पुसली असतील किंवा मजकूर इंग्रजीत नसेल तर निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो आरटीओकडे फॉर्म ४अ भरून मिळतो, फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. परवाना हा मूळ लायसन्सला जोड म्हणून असतो, त्याच्या जागी नव्हे. दोन्ही बरोबर ठेवा.

अपघाताशी संबंध असा, की लायसन्स संपलेलं किंवा त्या प्रकारच्या गाडीला न चालणारं निघालं तर भाड्याच्या करारातलं विम्याचं संरक्षण उडतं. मग चूक समोरच्याची असली तरी तुमच्याकडच्या गाडीचा हिशोब तुमच्याकडे येतो. लायसन्सची मुदत तिकीट काढतानाच बघा. विमानतळावर कळून उपयोग नाही.

२. धडक झाली. पहिल्या अर्ध्या तासात नेमकं काय करायचं?

आधी थांबा. किरकोळ घासली असली तरी थांबणं आणि कुणाला लागलंय का ते पाहणं ही कायद्याने ड्रायव्हरची जबाबदारी आहे. कुणी जखमी असेल, रस्ता अडला असेल किंवा पेट्रोल गळत असेल तर १११ ला फोन करा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी हा एकच नंबर आहे. ऑपरेटर आधी तीनपैकी काय हवंय ते विचारतो. जागा सांगताना फक्त गावाचं नाव पुरत नाही. हायवेचा नंबर, शेवटचा ओलांडलेला पूल किंवा फाटा सांगा. दक्षिण बेटावर मैलोन्‌मैल मोबाईलला रेंज नसते, विशेषतः मिलफर्ड साऊंडच्या रस्त्यावर आणि हास्टच्या पट्ट्यात. तिथे येणाऱ्या गाडीला हात करून, रेंज मिळेल तिथून फोन करायला सांगावं लागतं.

मग कागदाचं काम. समोरच्याचं नाव, पत्ता, फोन, गाडीचा नंबर आणि विमा कंपनीचं नाव घ्या आणि तुमची माहिती द्या. गाडी भाड्याची असल्याने मालक म्हणून भाडे कंपनीचं नाव सांगा. फोटो काढताना नुसत्या चेपलेल्या पत्र्याचे काढून भागत नाही. दोन्ही गाड्या कुठे उभ्या आहेत, रस्त्यावरची रेघ पिवळी की पांढरी, जवळ ‘गिव्ह वे’ किंवा ‘स्टॉप’ची पाटी आहे का, ब्रेकच्या खुणा, उन्हाची दिशा, हे सगळं त्यात यायला हवं. नंतर चूक कुणाची यावर वाद होतो तेव्हा पत्र्यापेक्षा पाटीचा फोटो जास्त कामाला येतो. साक्षीदार असेल तर त्याचा फोन नंबर लगेच घ्या. तो पाच मिनिटांत निघून जातो.

भाडे कंपनीच्या चोवीस तासांच्या नंबरवर त्याच दिवशी कळवा. ‘परत देताना सांगू’ असं केलं की कंपनी उशिरा कळवल्याची अट पुढे करते.

३. पोलीस आले नाहीत तर तक्रार द्यावीच लागते का? आपल्याकडच्यासारखा पंचनामा होतो का?

इथे तीन मुदती पाठ हव्यात. कुणी जखमी झालं किंवा मृत्यू झाला तर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. फक्त मालमत्तेचं नुकसान असेल, म्हणजे उभी गाडी, कुंपण किंवा फाटक, तर ४८ तासांच्या आत मालकाला नाव-पत्ता द्यायचा. मालक सापडलाच नाही तर ६० तासांच्या आत पोलिसांना सांगायचं. १९९८ च्या भू-वाहतूक कायद्यात हे आहे.

कुणाला लागलं नाही आणि दोघांनी माहितीची देवाणघेवाण केली तर पोलीस बहुधा येतही नाहीत, आणि ते गैर नाही. आपल्याला पंचनाम्याची सवय असल्याने लोक तासन्‌तास रस्त्याकडेला वाट बघत बसतात. त्याची गरज नाही. विम्याला पोलिसांकडच्या नोंदीचा क्रमांक हवा असेल तर १०५ या बिनतातडीच्या नंबरवर किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर माहिती देता येते. गंभीर अपघातात मात्र पोलिसांचं खास पथक येतं, मोजमापं घेतं, गाडी ताब्यात घेतं, आणि रस्ता कित्येक तास बंद राहतो.

न थांबता निघून जाणं सगळ्यात महागात पडतं. कुणी जखमी असताना पळालात तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० डॉलरपर्यंत दंड. मूळ चूक त्यापेक्षा कितीतरी लहान असू शकते.

४. ‘न्यूझीलंडमध्ये जखमी माणूस कुणावर भरपाईचा दावा करू शकत नाही’ हे खरं आहे का?

हो. हीच त्या देशाची वेगळी गोष्ट आहे. १ एप्रिल १९७४ पासून तिथे अपघात भरपाईची सरकारी योजना आहे. ती चालवणाऱ्या महामंडळाला सगळे ‘एसीसी’ म्हणतात. अपघातात कुणालाही लागलं की चूक कुणाची हे न विचारता एसीसी उपचाराचा खर्च करतं. त्या बदल्यात, शारीरिक इजेबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावण्याचा हक्क कायद्याने काढून घेतला आहे. आपल्याकडे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं जे चालतं, तो प्रकार तिथे नाही. जाणूनबुजून अत्यंत बेपर्वाई केली असेल तर जरब म्हणून वेगळी रक्कम मागता येते, पण ती वाट फार क्वचित वापरली जाते.

आता उरलेलं अर्धं. एसीसी फक्त शरीराची इजा बघतं. पोलिसांचा फौजदारी आरोप (प्रश्न ६), समोरच्याच्या गाडीचं नुकसान (प्रश्न ८) आणि भाडे कंपनीचं येणं (प्रश्न ९) ही तिन्ही खाती उघडीच राहतात.

५. एसीसी पर्यटकालाही पैसे देतं का? मग मेडिक्लेम कशाला?

उपचारापुरतं देतं. तुम्ही पर्यटक असा, कामाच्या व्हिसावर असा की विद्यार्थी, न्यूझीलंडमध्ये अपघातात हाड मोडलं तर तिथल्या दवाखान्यातल्या उपचारांचा मुख्य खर्च एसीसीकडे जातो. वेगळा अर्ज घेऊन फिरावं लागत नाही. उपचार करणारा डॉक्टरच तुमच्या वतीने दावा नोंदवतो, तुम्ही सही करायची. दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. खाजगी डॉक्टरकडे वरची थोडी रक्कम मात्र खिशातून द्यावी लागते.

काय मिळत नाही ते नीट वाचा. भारतातला बुडालेला पगार मिळत नाही. चुकलेलं विमान, रद्द झालेलं हॉटेल, सोबत राहण्यासाठी आलेल्या नातेवाइकाचा खर्च मिळत नाही. स्ट्रेचरवरून किंवा नर्ससोबत मुंबईला परत आणण्याचा खर्च मिळत नाही, आणि तोच आकडा सगळ्यात मोठा असतो. घरी परतल्यावर पुण्यात जी फिजिओथेरपी लागेल, तिचं बिलही तिकडे पाठवता येत नाही.

आणि एक बारकावा. एसीसी इजेसाठी आहे, आजारासाठी नाही. गाडी चालवताना हृदयविकाराचा झटका आला आणि गाडी झाडावर गेली, तर मोडलेल्या बरगड्या एसीसीच्या, हृदयाचे उपचार तुमचे. म्हणून ज्येष्ठांबरोबर जाताना प्रवास विमा हवाच.

६. मग चालकावर नेमके कोणते गुन्हे लागू शकतात?

पायऱ्या साधारण अशा आहेत.

निष्काळजीपणे गाडी चालवणं, कुणाला इजा नाही: ३,००० डॉलरपर्यंत दंड.

निष्काळजीपणामुळे कुणी जखमी झालं किंवा दगावलं: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ४,५०० डॉलरपर्यंत दंड, शिवाय किमान ६ महिने गाडी चालवायला बंदी. बंदी एरवी ठरलेली असते, खास कारण दाखवता आलं तरच टळते.

धोकादायक किंवा बेदरकारपणे चालवल्याने इजा: ५ वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० डॉलरपर्यंत दंड, किमान एक वर्ष बंदी. मृत्यू झाला तर कैदेची कमाल मर्यादा १० वर्षं.

पर्यटकांवर बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीचा आरोप लागतो. तुरुंगवास क्वचित होतो, पण दंडाबरोबर न्यायाधीश ‘रेपरेशन’ची रक्कम ठरवू शकतो. पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला मानसिक धक्क्याबद्दल आणि इतर नुकसानीबद्दल गुन्हेगाराने द्यायची ती भरपाई. म्हणजे दिवाणी दावा नाही म्हणून जे सुटलं असं वाटतं, त्यातलं थोडं शिक्षेच्या दारातून परत येतं. काही गाडी विम्यांमध्ये ही रक्कमही धरलेली असते. वकील करण्याआधी करार वाचा आणि विमा कंपनीला आरोपपत्राची प्रत पाठवा.

७. मुद्दाम काही केलं नाही. जेट लॅगमुळे डोळा लागला, किंवा पाटी दिसलीच नाही. तरी गुन्हा?

तरी गुन्हा. निष्काळजीपणा ठरवताना हेतू पाहत नाहीत. समंजस, सावध चालकाने जे केलं असतं ते तुम्ही केलं का, एवढंच पाहतात. झोप लागली तर ‘झोप येतेय हे कळत असताना थांबला का नाहीत?’ हा पुढचा प्रश्न येतो. भारतातून थेट विमान नाही, प्रवासात रात्र मोडते, घड्याळ साडेसहा ते साडेसात तास पुढे जातं. ऑकलंडला किंवा ख्राइस्टचर्चला उतरल्या उतरल्या पाच तास गाडी हाकणारे लोक याच खड्ड्यात पडतात. पहिली रात्र विमानतळाच्या गावातच काढा.

आपण डावीकडूनच चालवतो, तेव्हा आपल्याला सोपं जाणार, हा समज अर्धाच खरा आहे. बाजू जुळते, सवयी जुळत नाहीत. चुका होतात त्या अशा:

‘स्टॉप’च्या पाटीला चाकं पूर्ण थांबलीच पाहिजेत. रस्ता रिकामा असला तरी. राऊंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, जो आधी घुसेल त्याला नव्हे. एका गाडीच्या पुलावर लहान लाल बाण तुमच्या दिशेचा असेल तर तुम्ही थांबायचं. हॉर्न आणि डिपर मारून पुढे जायचं नसतं. मधली रेघ तुमच्या बाजूला सलग पिवळी असेल तर ओव्हरटेक बंद, पुढची कॅम्परव्हॅन कितीही रेंगाळो. आणि खडीच्या रस्त्यावर १०० ची मर्यादा लिहिलेली असली तरी तो वेग पकडायचा नसतो. बाहेरच्या वळणावर गाडी मागून घसरते, चालक ब्रेक दाबतो आणि गाडी उलटते. अशा अपघातात दुसरं कुणी नसतंच, चूक टाकायला जागा उरत नाही.

८. समोरच्याच्या गाडीचं नुकसान कोण भरतं? थर्ड पार्टी तर सक्तीचा असेलच ना?

नाही, आणि हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. न्यूझीलंडमध्ये गाडीचा विमा सक्तीचा नाही. इजेचा भार एसीसीने उचलल्यावर सक्तीचं मुख्य कारणच उरलं नाही. मालमत्तेचं नुकसान मात्र नेहमीच्या दिवाणी कायद्याने, ज्याची चूक त्याच्याकडून वसूल होतं.

भाड्याच्या गाडीच्या करारात बहुधा समोरच्याच्या मालमत्तेचं संरक्षण असतं, आणि अट न मोडता चालवलीत तर तुमचं ओझं एक्सेसपुरतं, म्हणजे तुम्ही भरायच्या ठरलेल्या पहिल्या रकमेपुरतं राहतं (प्रश्न ९). अट मोडली (प्रश्न १०) तर समोरच्या महागड्या गाडीपासून विजेच्या खांबापर्यंत सगळं तुमच्या नावावर. समोरच्याची विमा कंपनी त्याला पैसे देते आणि तीच रक्कम तुमच्याकडे मागायला येते. पत्र त्या माणसाचं नसतं, कंपनीचं किंवा तिच्या वसुली एजंटचं असतं.

९. काउंटरवर ‘फुल इन्शुरन्स’ घेतला होता. तरी कार्डावरून पैसे का कापले?

‘फुल इन्शुरन्स’ हा करारातला शब्द नाही, काउंटरवरचा आहे. करारात पाहायचा तो एक्सेस, म्हणजे प्रत्येक घटनेमागे पहिले अमुक डॉलर तुम्ही भरायचे. जादा पैसे न भरता घेतलेल्या गाडीवर हा आकडा काही हजार डॉलर असतो, कॅम्परव्हॅनवर आणखी वर. रोजचे जादा पैसे भरून तो कमी किंवा शून्य करता येतो. पण ‘प्रत्येक घटनेमागे’ हे शब्द लक्षात ठेवा. सकाळी आरसा तुटला आणि संध्याकाळी बंपर, तर एक्सेस दोनदा.

शून्य एक्सेस घेऊनही पैसे कापले जातात ते बहुतेक अशा बाबींवर, ज्या संरक्षणात धरलेल्याच नव्हत्या: गाडीचा तळ, कॅम्परव्हॅनचं छप्पर झाडाला किंवा पार्किंगच्या आडव्या दांड्याला लागणं, टायर आणि काच, पाण्यात घातलेली गाडी, चुकीचं इंधन, हरवलेली किल्ली. शिवाय क्लेम हाताळण्याची फी आणि गाडी दुरुस्तीत असेपर्यंतचं बुडालेलं भाडं लावलं जाऊ शकतं. कापलेल्या रकमेचा तपशील, दुरुस्तीचं बिल आणि फोटो लेखी मागा. गाडी घेताना आणि देताना चारी बाजू, छप्पर, चाकं आणि मीटरचा व्हिडिओ काढला असेल तर ही मागणी दमदार ठरते. रात्री किल्ली पेटीत टाकून जाणार असाल तर तो व्हिडिओ सोडूच नका. पाहणी होईपर्यंत गाडी तुमच्याच जबाबदारीवर धरतात.

१०. कोणत्या गोष्टींनी विमा पूर्ण रद्द होतो?

करारागणिक फरक पडतो, पण वारंवार अडचणीत आणणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. करारात नाव नसलेल्या माणसाने चालवणं (प्रश्न १४). मद्य किंवा अंमली पदार्थ (प्रश्न १३). बेदरकार चालवणं. किल्ली गाडीत सोडून जाणं. आणि बंदी असलेले रस्ते: क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड, उत्तर टोकाचा नाइन्टी माइल बीच, माउंट कुकजवळचा बॉल हट रोड ही नावं भाड्याच्या करारांत नेहमी दिसतात. नाइन्टी माइल बीच कायद्याने रस्ता मानला जातो आणि तिथे वाहनं जातात, म्हणून लोक फसतात. रस्ता कायदेशीर असणं आणि तुमच्या करारात चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे रुतलेली गाडी भरतीच्या पाण्यात गेली तर गाडीची पूर्ण किंमत भरावी लागू शकते.

काही करारांत साध्या खडीच्या रस्त्यालाही बंदी असते. नकाशाचं अॅप जवळचा रस्ता म्हणून नेमका तोच दाखवतं.

११. भारतातून घेतलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स यातलं काही भरेल का?

तुमच्या स्वतःच्या उपचाराचं, परत आणण्याचं, चुकलेल्या प्रवासाचं भरेल. त्यासाठीच तो असतो. पण पॉलिसीत ‘वैयक्तिक दायित्व’ असं कलम बघून गाडीचंही झालं असं समजू नका. बहुतेक पॉलिसींत त्याच कलमाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की मोटार वाहन वापरल्यामुळे आलेलं दायित्व यातून वगळलं आहे. भाड्याच्या गाडीचा एक्सेस परत देणारं कलम काही पॉलिसींत वेगळं असतं. ते असेल तर त्याची मर्यादा तुमच्या एक्सेसएवढी आहे का ते बघा, आणि भरल्याची पावती व भाडे कंपनीचा नुकसान अहवाल जपून आणा.

१२. पोलिसांपुढे काय बोलायचं? ‘सॉरी’ म्हटलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं का? पासपोर्ट काढून घेतात का?

समोरचा रस्त्यावर बसलाय, घाबरलाय, तर ‘सॉरी, ठीक आहात ना?’ म्हणायला घाबरू नका. एवढ्याने कुणी दोषी ठरत नाही. टाळायचं ते वेगळं: ‘चूक माझीच, सगळे पैसे मी देतो’ असं बोलून किंवा लिहून देणं. भाड्याच्या करारात बहुधा अटच असते, की कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही.

पोलिसांना नाव, पत्ता, जन्मतारीख आणि लायसन्स द्यावंच लागतं. घटना कशी घडली याबद्दलच्या जबाबात मात्र गप्प राहण्याचा हक्क आहे. अटक झाली किंवा ताब्यात घेतलं तर लगेच वकिलाशी बोलण्याचा हक्क मिळतो. पोलिसांकडे वकिलांची यादी असते आणि फोनवरचा तो पहिला सल्ला फुकट असतो. इंग्रजी डळमळीत असेल तर दुभाषी मागा. मराठीचा मिळेलच असं नाही, हिंदीचा जास्त सहज मिळतो. खोटं मात्र बोलू नका. ‘गाडी बायको चालवत होती’ अशी अदलाबदल उघड झाली की अपघातापेक्षा मोठा गुन्हा डोक्यावर बसतो.

किरकोळ अपघातात पासपोर्टला कुणी हात लावत नाही. गंभीर इजा किंवा मृत्यू असेल तर पर्यटक निघून जाईल म्हणून पोलीस लवकर, कधी एक-दोन दिवसांत कोर्टात उभं करतात आणि जामिनाच्या अटीत पासपोर्ट जमा करायला लावलं जाऊ शकतं. पहिल्या तारखेला कोर्टातच ‘ड्यूटी लॉयर’ विनामूल्य भेटतो. गुन्हा कबूल केला तर प्रकरण झटकन संपतं, दंड आणि भरपाई भरून लोक ठरल्या विमानाने परतही जातात. हाच मोह जपून हाताळायचा. विमान गाठायचं म्हणून कबुली देऊ नका. कबुली म्हणजे कायमची नोंद (प्रश्न १८). चूक खरोखर वादाची असेल तर वकिलाशी स्वतंत्र बोला, तिकीट पुढे ढकला, आणि त्याचा खर्च प्रवास विम्यात बसतो का विचारा.

वेलिंग्टनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधायचा हक्कही अटकेनंतर असतो. ते घरी कळवतात, वकिलांची नावं देतात. दंड भरत नाहीत आणि खटला लढवत नाहीत.

१३. जेवताना एक ग्लास वाइन घेतली तर?

२० वर्षं व त्यावरच्यांसाठी मर्यादा एक लिटर श्वासात २५० मायक्रोग्रॅम, किंवा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. २० पेक्षा लहान असेल तर शून्य. २५० ते ४०० च्या मध्ये सापडलात तर २०० डॉलर दंड आणि ५० डीमेरिट पॉइंट, म्हणजे चालकाच्या नावावर चढणारे दंडाचे गुण. ४०० च्या वर सरळ फौजदारी. अपघातात कुणी जखमी असेल तर दवाखान्यात रक्त घेतलं जातं, नकार देणं हाच गुन्हा आहे. मार्लबरोत द्राक्षमळ्यांची सहल करायची तर टूर बसने करा. मर्यादेच्या खाली असलात तरी भाड्याच्या काही करारांत संरक्षण तुटू शकतं, तेव्हा ‘कायद्यात बसतं’ एवढ्यावर भागत नाही.

१४. करारात माझं नाव होतं, पण गाडी मित्र चालवत होता. लपवावं का?

नाही. कारणं प्रश्न १२ मध्ये आहेत. फौजदारी जबाबदारी जो चालवत होता त्याची. पैशाची जबाबदारी मात्र करारावर सही करणाऱ्याची, म्हणजे तुमची, आणि संरक्षणही नाही. मित्राकडून वसूल करणं हा तुमच्या दोघांतला मामला. चार जणांच्या ग्रुपमध्ये दुसरं नाव घालायला लागणारे थोडे पैसे वाचवू नका.

१५. चूक समोरच्याची होती आणि त्याच्याकडे विमाच नाही. माझा एक्सेस कुणाकडून घ्यायचा?

भाडे कंपनी आधी तुमच्या कार्डावरून एक्सेस कापते आणि समोरच्याकडून वसूल झाला तर परत देते. करार असाच असतो. समोरचा विमाधारक असेल, त्याचं नाव-नंबर नीट असेल आणि चूक स्पष्ट असेल तर पैसे येतात, पण महिने लागतात. विमा नसेल तर त्याच्यावर वैयक्तिक दावा लावावा लागतो. छोट्या रकमांसाठी तिथे ‘डिस्प्यूट्स ट्रिब्युनल’ आहे, वकिलाशिवाय चालतं, फी कमी असते. भारतात बसून त्याचा पाठपुरावा करायचा का हे रक्कम बघून ठरवा. शंभर-दोनशे डॉलरसाठी आम्ही कुणालाच ‘हो’ म्हणत नाही. म्हणूनच समोरच्याचं लायसन्स फोटोत घ्या.

१६. मेंढी आडवी आली. मेंढी मेली, बंपर फुटला. कोण देणार?

गाडीचा हिशोब भाडे कंपनीशी, म्हणजे एक्सेस. मेंढीच्या मालकाने कुंपणाची काळजी घेतली होती की नाही यावर त्याची जबाबदारी ठरते, ती आपोआप कुणाचीच नसते. थांबा. जनावर रस्त्यात पडलं असेल तर मोबाईलवरून स्टार ५५५ (*५५५, रस्त्यावरच्या बिनतातडीच्या घटना कळवायचा नंबर) ला कळवा, म्हणजे मागून येणारा त्यावर आदळणार नाही. जवळचं शेतघर दिसलं तर सांगा. कळपच रस्त्यावरून चालला असेल तर हॉर्न नको. गाडी बंद करून त्यांना जाऊ द्या.

१७. भारतात परतल्यावर विमा कंपनीचं पत्र आलं. उत्तर दिलं नाही तर काय होईल?

‘इतक्या लांबून काय करणार’ हा अंदाज धोक्याचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली न्यूझीलंड हा भारताने मान्य केलेल्या देशांपैकी आहे. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा भारतात नव्याने दावा न लावता इथल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी आणता येतो. प्रत्येक लहान न्यायाधिकरणाच्या आदेशाला हे लागू नाही, आणि दंड किंवा कराची रक्कमही यात येत नाही. निकाल गुणदोषांवर नव्हे तर केवळ तुम्ही हजर नव्हतात म्हणून लागला असेल, तर कलम १३ खाली हरकत घेता येते. ती घ्यायची तर पत्र आणि समन्स कधी मिळालं याच्या नोंदी हव्यात. पाकीट फाडून टाकणाऱ्याकडे त्या नसतात.

व्यवहारात बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत. पत्र आलं की आधी ते भाडे कंपनीकडे पाठवा आणि विचारा, की संरक्षण लागू असताना ही मागणी माझ्याकडे का आली? पुष्कळदा तुमचा पत्ता चुकून पुढे गेलेला असतो. मागणी खरी असेल तर दुरुस्तीचं बिल आणि गाडीची अपघातापूर्वीची किंमत मागा. जुन्या गाडीला नव्याचा आकडा लावलेला असू शकतो. हप्त्यांची मागणीही चालते.

कोर्टाने लावलेला दंड आणि रेपरेशन ही वेगळी बाब. ती थकवून पुन्हा न्यूझीलंडला गेलात आणि वॉरंट निघालेलं असेल तर विमानतळावरच अडवतात.

१८. शिक्षा झाली तर पुढच्या व्हिसावर परिणाम होतो का?

नुसता दंडाचा कागद, म्हणजे वेगमर्यादा किंवा पार्किंगचा, ही गुन्ह्याची नोंद नाही. कोर्टात दोषी ठरणं ही नोंद आहे, शिक्षा फक्त दंडाची असली तरी. व्हिसाच्या अर्जात ‘कधी दोषी ठरला आहात का’ हा प्रश्न पुढे अनेक देश विचारतात, आणि त्यात खोटं उत्तर देणं मूळ अपघातापेक्षा जास्त नडतं. म्हणून पहिल्या तारखेआधी वकिलाला दोन गोष्टी विचारा. पहिल्यांदाच आणि किरकोळ गुन्हा करणाऱ्यांसाठी पोलिसांची ‘डायव्हर्जन’ योजना, म्हणजे ठरलेल्या अटी पाळल्यास दोषी न ठरवता प्रकरण मिटवण्याची सोय, लागू होईल का? आणि दोषसिद्धी न नोंदवता सोडण्याची विनंती करता येईल का? दुसऱ्या वाटेसाठी दाखवावं लागतं, की नोंदीचे परिणाम गुन्ह्याच्या मानाने फारच जास्त आहेत. नोकरीचं पत्र, परदेशी कामाचा करार असे कागद तिथे लागतात.

१९. चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेतलं होतं. अपघातात तिला लागलं.

उपचार एसीसीचे. जबाबदारी चालकाची. ७ वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीटमध्ये बसवणं सक्तीचं आहे, आणि १५ वर्षांखालच्या प्रत्येकाने पट्टा लावला आहे हे चालकाने पाहायचं असतं. आई मागे बसली होती, तिने पट्टा सोडला, हे उत्तर चालत नाही. सीट गाडीबरोबरच बुक करा. भारतातून नेलेली सीट तिथल्या मान्य मानकांची असेलच असं नाही.

२०. आम्ही ऑकलंडमध्ये राहतो. भेटायला आलेले बाबा आमची गाडी चालवतात. त्यांच्या हातून अपघात झाला तर?

लायसन्सचं उत्तर प्रश्न १ मध्ये. तुमची गाडी म्हणून विमा तुमचा, पण तो त्यांना लागू आहे का ते पॉलिसीच ठरवते. काही पॉलिसी फक्त नावं घातलेल्या चालकांना धरतात. परदेशी लायसन्सवाल्यांसाठी जादा एक्सेस ठेवलेला असू शकतो. बाबा उतरायच्या आधी विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागा. फोनवरचं ‘हो, चालेल’ क्लेमच्या वेळी सापडत नाही. तुमच्याकडे विमाच नसेल तर निदान थर्ड पार्टी घ्या, आणि त्यात विमा नसलेल्या चालकाने धडक दिली तर तुमच्या गाडीचं काही मिळतं का तेही विचारा. गाडीची डब्ल्यूओएफ, म्हणजे तिथली तांत्रिक तपासणी, संपलेली नाही ना हेही बघा. टायर गुळगुळीत असल्याने अपघात झाला असं निघालं तर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि मग समोरच्याच्या गाडीचं पत्र बाबांच्या नावाने येतं, तोवर ते नाशिकला परत पोचलेले असतात. पुढचं प्रश्न १७ मध्ये.